भाचीच्या लग्नात मामानं कुठे उभं राहायचं?

ताई, नमस्कार.

मी मूळचा मिरजेचा. पंचवीस वर्षं मेलबर्नमध्ये आहे, वय ६२. धाकट्या बहिणीचे यजमान लवकर गेले. तिची एकुलती एक मुलगी २०१५ साली इथे शिकायला आली आणि तीन वर्षं आमच्याच घरी राहिली. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे ती आमचीच झाली.

मागच्या महिन्यात ती जेवायला आली होती. जेवणं झाल्यावर म्हणाली, मार्चमध्ये लग्न करतेय. मुलगी बेंडिगोची आहे, नर्स आहे. आम्ही तिला 'मैत्रीण' म्हणून ओळखत होतो. मग म्हणाली, "मामा, बाबा नाहीत. माझ्या पाठीशी तू उभा राहा. साक्षीदार म्हणून सहीसुद्धा तूच कर." मी "बघू" म्हणालो.

अडचण अशी की २०१७ साली इथे समलिंगी लग्नाच्या विषयावर पोस्टानं मत मागवलं होतं, तेव्हा मी 'नाही'वर खूण केली होती. त्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवताना मोठ्या आवाजात त्याची बाजूही मांडली होती. तेव्हा भाची माझ्याच घरात राहत होती. मला काहीच ठाऊक नव्हतं. आता सही केली तर ढोंग, नाही केली तर पोरगी तुटणार. तिला हे सांगावं का? एकत्र राहतातच, तर लग्नाचा एवढा अट्टहास कशाला, असंही एक मन म्हणतं. बहीण फोनवर रडते, "तिकडे जाऊनच असं झालं" म्हणते, पण व्हिसाचे कागदही गोळा करतेय. आई ८६ वर्षांची, तिला कुणी काही सांगितलेलं नाही. मंडळातले लोक विचारणार. बायको म्हणते, "मी जाणार, तुम्ही तुमचं बघा."

आणि एक. आमच्यात मामा मुलीला बोहल्यावर आणतो. इथे दोन्हीकडे मुलीच. मामानं करायचं काय? फेटा बांधावा की साध्या कोटात जावं?

— एक मामा, मेलबर्न

*

मामा, नमस्कार.

पत्र वाचून झाल्यावर मी पुन्हा त्याच्या शेवटच्या ओळीकडे गेले. ज्याला जायचंच नसतं तो फेट्याचं विचारत नाही. तेव्हा तुमचं निम्मं मन तयार आहे असं धरून मी लिहिते आहे. उरलेल्या निम्म्याशी बोलायचंय.

सगळ्यात आधी एक करा. हे वाचून होताच भाचीला फोन लावा आणि निदान "मी लग्नाला येतोय" एवढं सांगून टाका. सहीचं, पाठीशी उभं राहायचं मागून ठरवा. आपल्या घरांत 'बघू'चा अर्थ काय होतो, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. महिनाभर ती तो शब्द घेऊन बसली असेल.

आता तुमच्या मनातल्या गुंत्याकडे येऊ. दोन निराळे प्रश्न तुम्ही एकात एक अडकवून घेतलेत. पहिला प्रश्न २०१७ सालचा. त्या वर्षी १२ सप्टेंबरपासून ऑस्ट्रेलियातल्या मतदारांना पाकिटं पाठवायला सुरुवात झाली. आत एक कागद, त्यावर एकच प्रश्न : समलिंगी जोडप्यांना लग्न करता यावं यासाठी कायदा बदलावा का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही. सक्ती नव्हती, तरी सुमारे १ कोटी २७ लाख लोकांनी, म्हणजे मतदारांपैकी ७९.५ टक्क्यांनी, कागद भरून परत पाठवला. ६१.६ टक्के लोक 'हो' म्हणाले. 'नाही' म्हणणारे ४८ लाखांच्या वर होते, त्यातले तुम्ही एक. दीडशे मतदारसंघांपैकी १७ ठिकाणी 'नाही'ची सरशी झाली. त्यातले १२ पश्चिम सिडनीत होते आणि दोन तुमच्या मेलबर्नमध्ये, ब्रूस आणि कॅल्वेल. बाहेरच्या देशांतून येऊन स्थायिक झालेल्यांची वस्ती तिथे दाट आहे. घरून निघताना आपण जे गाठोडं बांधून नेतो, देवाधर्माचं, घराण्याचं, थोरामोठ्यांच्या धाकाचं, ते परक्या देशात आणखीच घट्ट धरून ठेवावंसं वाटतं, हे मला कळतं. तेव्हा त्या खुणेपायी मी तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार नाही. देशानं मत विचारलं, तुम्ही दिलं, ते मोजलं गेलं आणि कमी पडलं. त्याच वर्षी ९ डिसेंबरला नवा कायदा लागू झाला. तो प्रश्न तिथे संपला.

दुसरा प्रश्न भाचीचा. समलिंगी लग्नाबद्दल तुझं मत काय, असं तिनं विचारलेलंच नाही. बाबा नाहीत, माझ्या पाठीशी तू उभा राहा, एवढंच ती म्हणाली. याचं उत्तर द्यायला जगातल्या सगळ्या लग्नांविषयीचं तुमचं मत आधी पक्कं व्हायला हवं असं नाही. ती तुमची कोण लागते, एवढं पक्कं असलं की पुरे.

सहीचं म्हणाल, तर ऑस्ट्रेलियात लग्नाला अठरा वर्षांवरचे दोन साक्षीदार लागतात. सेलिब्रंट, म्हणजे लग्न लावणारी अधिकृत व्यक्ती, शपथा व्हायच्या आधी कायद्यानं ठरवून दिलेली तीन वाक्यं म्हणते. त्यात 'या साक्षीदारांच्या उपस्थितीत' असे शब्द येतात. लग्न म्हणजे काय तेही त्यात येतं : इतर सर्वांना वगळून, स्वेच्छेनं, आयुष्यभरासाठी दोन व्यक्तींनी एक होणं. २०१७ पर्यंत त्या जागी 'एक पुरुष आणि एक स्त्री' म्हणत असत. साक्षीदाराची सही काय सांगते? हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. 'मला आधीपासून पटलेलं होतं' असं ती सही म्हणत नाही. तेव्हा कायद्याच्या अंगानं बघाल तर त्यात खोटं काहीच नाही. पण नुसती सही तर तिला कोणीही देईल, ऑफिसातली मैत्रीणसुद्धा. तिला तुमचीच का हवी, हे सांगायला मला आमच्या घरातली गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या आत्यानं १९७४ साली जातीबाहेर लग्न केलं. सांगलीत, रजिस्टर पद्धतीनं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली ती १९१९ साली. पंचावन्न वर्षं उलटली तरी तो कायदा पन्नास किलोमीटरवरच्या आमच्या घरापर्यंत पोचला नव्हता. विशेष विवाह कायद्यानुसार नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं, आणि ती नोटीस कचेरीच्या फळ्यावर सगळ्या गावाला वाचायला लावलेली असते. (तुमच्याकडेही किमान महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते, पण ती सेलिब्रंटच्या हातात राहते, भिंतीवर लागत नाही. हा फरक लहान नाही.) त्या तीस दिवसांत घरातलं कुणीही आत्याशी धड बोललं नाही. माझे वडील तिचे थोरले भाऊ. तिला सायकल त्यांनी शिकवलेली, मॅट्रिकच्या फॉर्मचे पैसे त्यांनी भरलेले. ते म्हणाले, मला पटत नाही, मग मी तिथे जाऊन उभा राहिलो तर ते ढोंग होईल. मामा, तुम्ही लिहिलाय तोच शब्द.

लग्नाच्या दिवशी सकाळी वडील अंगणात सायकल उलटी करून बसले होते. मी नऊ वर्षांची होते, शेजारी उकिडवी बसून बघत होते. घमेल्यातल्या पाण्यात ते ट्यूब थोडी थोडी फिरवत दाबून धरायचे. बुडबुडा कुठेच येत नव्हता, कारण ट्यूब पंक्चर झालेलीच नव्हती. एक फेरी पूर्ण झाली की पुन्हा वॉल्व्हपासून सुरू करायचे. ऊन चढेपर्यंत ते तेच करत होते.

त्या लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन मुलाकडचे मिळाले, तिसरा मिळेना. शेवटी आत्याच्या ऑफिसातले शिपाई पुढे झाले. भला माणूस. पुढे वडिलांचं आणि आत्याच्या यजमानांचं इतकं जमलं की दोघं मिळून पंढरपूरला जायचे. वडिलांचं मत बदलायला चार वर्षं लागली. लग्न मात्र त्या मंगळवारीच होतं. वडील जायच्या आदल्या वर्षी आत्याकडे कसली तरी फाईल उघडलेली होती आणि तो दाखला त्यांच्या हातात आला. खालच्या सह्या वाचून म्हणाले, "इथे माझं नाव पाहिजे होतं." आत्या म्हणाली, "जागा ठेवली होती." आणि चहा टाकायला आत निघून गेली.

भाचीनं तुमच्यासाठी अशीच जागा ठेवली आहे.

आता अवघड भाग. २०१७ चं तिला सांगावं का? माझं मत, सांगावं. लग्नाच्या आधी सांगावं, आणि तुमच्याच तोंडून. एक तर दिवाळीच्या त्या पंक्तीत वीस-पंचवीस माणसं असतील. त्यातलं कुणी तिच्या लग्नातच, जेवणाचं ताट हातात घेऊन, "तुझा मामा तेव्हा काय बोलत होता आठवतंय" म्हणेल. ते तसं तिच्या कानावर जाऊ नये.

पण त्याहून मोठं कारण आहे, आणि ते ऐकायला जड जाईल. २०१७ साली ती तेवीस वर्षांची होती. विद्यार्थी व्हिसावर असणार, म्हणजे त्या मोजणीत तिला मत नव्हतं. जो प्रश्न तिच्या आयुष्याचा होता त्याचं पाकीट तुमच्या नावानं आलं. कदाचित पेटीतून तिनंच ते काढून आणून टेबलावर ठेवलं असेल. त्याचं उत्तर तुम्ही दिलंत. ती दोन महिने टीव्हीवर रोज रात्री तीच चर्चा चालायची आणि ती तुमच्यासोबत बसून आमटीभात जेवायची. तेव्हा तिच्यासमोर तुम्ही काय काय बोललात, ते एकदा शांतपणे आठवून बघा. मी हे टोचायला लिहीत नाही. यातलं बरंचसं तिला माहीत असणार असं मला वाटतं. माहीत असूनही एवढ्या वर्षांनी पाठीशी उभं राहायला तिनं तुम्हालाच बोलावलंय. हे तुमच्या लक्षात यावं म्हणून लिहिते आहे.

कसं सांगायचं? लग्नाच्या आठवड्यात नको, निदान महिना-दीड महिना आधी. घरात सगळ्यांसमोर नको, दोघंच कुठेतरी चालायला जा. चालताना तोंडाकडे बघावं लागत नाही, दोघांनाही सोपं जातं. आणि थोडक्यात सांगा. "२०१७ ला मी 'नाही' लिहिलं होतं. तुझं मला तेव्हा माहीत नव्हतं, पण ते माहीत असण्या-नसण्यावर माझं उत्तर ठरायला नको होतं. तुला अजून चालणार असेल तर मला तुझ्या पाठीशी उभं राहायचंय." मधलं वाक्य मनापासून येत नसेल तर ते गाळा. पहिलं आणि शेवटचं पुरेसं आहे. त्यानंतर गप्प राहा. त्या वेळी मला असं वाटत होतं, अमक्यानं मला असं सांगितलं होतं, ही फोड करत बसू नका. "माफ केलंस ना?" असं विचारून तिच्याकडून तिथल्या तिथे उत्तरही काढून घेऊ नका. ती रडेल, चिडेल, कदाचित म्हणेल की मग सही दुसऱ्या कुणाची घेते. तसं म्हणाली तर तो तिचा हक्क आहे. तुम्ही पाहुणे म्हणून जा, तिसऱ्या रांगेत बसा, आणि आनंदानं बसा.

"एकत्र राहतातच, तर लग्न कशाला," हे तुमचं एक मन म्हणतंय. २०१६ च्या जानेवारीत इंग्लंडहून एक जोडपं मधुचंद्राला ॲडलेडला आलं होतं. दोघंही पुरुष, आपल्या देशात रीतसर लग्न केलेले. तिथे जिन्यावरून पडून त्यातला एकजण गेला. ऑस्ट्रेलियात तेव्हा असलं लग्न मानत नसत, म्हणून मृत्यूच्या दाखल्यावर 'कधीही विवाह झालेला नाही' असं लिहिलं जाणार होतं, आणि जवळचा नातेवाईक म्हणून नवऱ्याऐवजी मृताच्या वडिलांना विचारलं जात होतं. त्या वडिलांचं मन मोठं, ते जावयाच्या बाजूनं उभे राहिले. राज्याच्या प्रीमियरना, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्यांना, त्या माणसाची माफी मागावी लागली. तुमच्याकडे डी-फॅक्टो, म्हणजे लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या, जोडप्यांना बरेच हक्क आहेत, मला माहीत आहे. पण इस्पितळाच्या काउंटरवर, रात्री दोन वाजता, 'आम्ही चार वर्षं एकत्र राहतो' हे सिद्ध करत बसणं आणि दाखला दाखवणं यात अंतर आहे. तुमच्या बहिणीचे यजमान गेले त्या दिवशी तिला कुणी विचारलं होतं का, की तू यांची कोण?

बहिणीबद्दल. ती रडतेय आणि कागदही गोळा करतेय. दोन्ही खरं आहे, दोन्ही चालू द्या. तिनं मिरजेतलं कार्यालय, सनई, दारातला मांडव, सगळं मनात कधीचं मांडून ठेवलं असेल, आणि तेही नवऱ्यावाचून एकटीनं. ते मोडलं याचं दुःख होणारच. रडू नकोस म्हणू नका. पण "तिकडे जाऊनच असं झालं" हे मात्र तिच्या मनातून हळूहळू काढायला हवं. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच तो आजारांच्या यादीतून काढून टाकला. आणि ही परदेशची हवाही नाही. मुंबईत समलिंगी लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट २००२ साली सुरू केला. आईवडिलांच्या मनात येणारे प्रश्न घेऊन त्यांनी मराठीत सोप्या भाषेत लिहिलेलं आहे, ते तिला मागवून द्या. 'स्वीकार' नावाचा पालकांचा गटही आहे. अशा मुलामुलींच्या आया एकमेकींशी तिथे बोलतात. तुमच्या चार समजावणीच्या फोनपेक्षा अशा एका आईशी झालेलं बोलणं तिला जास्त उपयोगी पडेल. मिरजेत आणि इचलकरंजीतही अशी मुलं आहेत. ती बोलत नाहीत, एवढंच.

कायद्याचं एक तिला नीट समजावून सांगा, कारण तिला भीती वाटत असेल. भारतात ६ सप्टेंबर २०१८ पासून, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून, दोन सज्ञान व्यक्तींचं असं नातं गुन्हा राहिलेलं नाही. लग्नाला मात्र मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाच न्यायाधीशांनी ते काम संसदेचं आहे असं म्हटलं. म्हणजे दोघी मिरजेला आजीला भेटायला आल्या तर त्यांना कुणी पकडणार नाही, पण इथल्या सरकारी कागदावर त्या पती-पत्नीसारख्या धरल्या जाणार नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.

बहिणीच्या हाताला काम द्या. रुखवत तिच्याकडे सोपवा. मेलबर्नच्या त्या टेबलावर साटोऱ्या, चिरोटे, कापसाची वस्त्रं आणि भरतकामाची रुमालं मांडायला ती पंधरा दिवस आधी आली, तर तेवढ्यात बेंडिगोच्या मुलीची आणि तिची गाठ स्वयंपाकघरात पडेल. जावयाशी, सुनेशी ओळख आपल्याकडे तिथेच होते.

तुमच्या आईला सांगायचं की नाही, हे भाचीला ठरवू द्या. बातमी तिची आहे. म्हातारीला सोसणार नाही असं तुम्ही परस्पर ठरवू नका, आणि ती हसतमुखानं आशीर्वाद देईल असंही धरून चालू नका. सांगायचं ठरलं तर बहिणीनं मिरजेत जवळ बसून सांगावं, फोनवर नको.

मंडळातल्यांना "भाचीचं लग्न आहे, मार्चमध्ये" असं सांगा. मुलगा काय करतो, असं विचारतीलच. "मुलगी आहे, नर्स आहे, बेंडिगोची." आवाज खाली करू नका. तुम्ही जितकं कुजबुजाल तितकी कुजबूज वाढेल. कायदा झाल्यावरच्या पहिल्या पूर्ण वर्षात, २०१८ मध्ये, तुमच्या देशात ६,५३८ समलिंगी लग्नं नोंदली गेली. विचारणाऱ्यांपैकी कितीतरीजण ऑफिसातल्या अशा एखाद्या लग्नाला भेटवस्तू घेऊन जाऊन आले असतील.

आता मांडवातलं. यावर मी आनंदानं पानंच्या पानं लिहीन. तुम्ही म्हणता दोन्हीकडे मुलीच, मामानं काय करायचं. अहो, आपल्या लग्नात मुंडावळ्या दोघांनाही बांधतात. हार दोघांच्याही हातात असतो. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना एकेकजण उभा असतो आणि दोघांच्याही पाठीशी आपापला मामा. भाचीच्या बाजूला तुम्ही. समोरच्या बाजूला बेंडिगोचा कुणी मामा, काका, भाऊ असेल तर आठवडाभर आधी त्याला घरी बोलावून कुठे उभं राहायचं, अक्षता कधी टाकायच्या ते दाखवून ठेवा. त्याला 'सावधान' म्हणायला शिकवा.

गुरुजींचा प्रश्न येईल. तिथल्या कायद्यानं धर्मगुरूंना असं लग्न लावायला नकार द्यायची मोकळीक ठेवली आहे. कुणी नाही म्हटलं तर वाद घालू नका. जो मनापासून येईल तोच हवा. कुणी नाहीच मिळालं तरी काही अडत नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं १८७३ पासून भटजीवाचून लग्नं लावली आहेत. त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतःच एकमेकांना वचन देतात. कन्यादान करायचं की नाही हा घोळही तिथे येत नाही, कारण कुणी कुणाला दान म्हणून दिलं जात नाही. दोघींनी दोन कडवी मराठीत, दोन इंग्रजीत लिहून म्हटली तर किती छान होईल. कायद्याचं काम सेलिब्रंट करेल, आपलं काम मंगलाष्टकं करतील.

नवरा कोण आणि बायको कोण, हे कधीही, कुणालाही, थट्टेतसुद्धा विचारू नका, आणि कुणी विचारलं तर तिथेच थांबवा. नात्याला नाव काय, असं तुमच्या मनात असेल. भाच्याच्या बायकोला आपण भाचेसून म्हणतो, भाचीच्या नवऱ्याला भाचेजावई. भाचीच्या बायकोला शब्द नाही. तिला तिच्या नावानं हाक मारा आणि तिनं तुम्हाला मामा म्हणावं. तेवढ्यानं भागेल. आहेर मात्र दोघींना सारखा. आमच्याकडे मामाकडून पिवळी साडी असते, अष्टपुत्री. तुमच्याकडे असेल तर दोन घ्या. बेंडिगोच्या मुलीला नेसवायचं काम तुमच्या मंडळी हौसेनं करतील. त्या काही न विचारताच निघाल्या आहेत, म्हणून मला फार आवडल्या.

जेवणाच्या वेळी तुम्हाला दोन शब्द बोलायला सांगतील, तिथली ती रीत आहे. तेव्हा कृपा करून "मला आधी हे पटलं नव्हतं, पण मी बदललो" अशी सुरुवात करू नका. लोक टाळ्या वाजवतील, काहींच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि तिच्या लग्नाचा दिवस तुमच्या मनपरिवर्तनाचा दिवस होऊन जाईल. ते बोलणं आधीच चालताना झालेलं असेल, दोघांतच राहू द्या. तुम्ही तिच्याबद्दल बोला. विमानतळावर आणायला गेलात तेव्हा तिच्या हातात काय होतं, पहिल्या थंडीत तिनं काय केलं, तुमच्या घरात तिची कुठली वस्तू अजून तशीच आहे. तिच्या बाबांचं नाव घ्या. तिथे ते दुसरं कुणी घेणार नाही, आणि बहिणीला ते ऐकायचं असेल.

एवढं सगळं वाचूनही आतून नको वाटत असेल, तोंड पाडून उभं राहावं लागेल असं वाटत असेल, तर सहीला नकार द्या. खरं सांगून द्या, आणि लवकर, म्हणजे ती जागा दुसऱ्या कुणाला देता येईल. पण मला तसं होईलसं वाटत नाही.

फेटा बांधा. कोटावर बांधलात तरी शोभतो. मिरजेहून बहिणीकडून दोन मागवा, दुसरा समोरच्या मामासाठी, आणि बांधायची तालीम आदल्या दिवशी करा. नाहीतर सहीला वाकताना तो कपाळावर उतरतो.